अबेल्लाच्या खंजिराची तीन वयं

तिझनीतच्या चांदीवाल्यांच्या गल्लीत बिही उस्तादाचं दुकान म्हणजे भिंतीतला एक कोनाडा, त्यात मेंढीचं कातडं, आणि कातड्यावर बिही. विकायला तिथं काहीच नव्हतं. ताप आलेलं पोर हकिमाकडं न्यावं तसे लोक जुने खंजीर कापडात गुंडाळून त्याच्याकडं आणायचे आणि वय विचारून जायचे. कुणाचा, कुठल्या खोऱ्यातला, किती पिढ्यांचा. बिही सांगेल ते गल्लीत खरं.

त्याची तऱ्हा न्यारी होती. खंजीर हातात आला की हा आधी त्याच्याकडं बघायचाच नाही. म्यानाच्या दोन कड्यांत आपला लोकरी गोफ ओवायचा, उजव्या खांद्यावरनं तिरपा टाकून डाव्या कमरेला खंजीर लोंबकळत सोडायचा, आणि गल्लीच्या टोकाच्या झऱ्यापर्यंत जाऊन यायचा. आला की कातड्यावर आडवा. खंजीर पोटावर, डोळे मिटलेले. दुपारच्या नमाजापासून तिसऱ्या प्रहराच्या नमाजापर्यंत सगळी गल्ली अशीच पेंगत असते. हातोड्या थांबतात, निवलेल्या चहाच्या ग्लासांवर माश्या बसतात, आणि ऊन भिंतीवरनं मांजरासारखं खाली उतरतं. त्या वेळात बिहीला म्हणे खंजिराचा मालक दिसायचा.

दिसायचा का नाही ते अल्लाला ठाऊक. पण त्याचा अंगठा मात्र झोपेतही जागा असायचा. माणसाच्या कमरेला पन्नास वर्षं घासलं की म्यानाची अंगाकडची बाजू गोट्यासारखी गुळगुळीत होते, बाहेरची बाजू खरखरीत राहते. खोट्या मालाला दोन्ही बाजूंनी सारखंच घासलेलं असतं. घासणाऱ्याला पोट नसतं, कानस असते. कड्या गोफानं आतनं वरच्या अंगाला झिजतात, खाली नाही. आणि नवं पातं मीठ घालून शेणात पुरलं की वर जुनाट गंज चढतो खरा, पण बिही जीभ लावायचा आणि सांगायचा, "गाईचं न्हाई. गाढवाचं हाय. दोन महिन्यांमागचं."

गल्लीतली टवाळ मंडळी म्हणायची, "उस्तादाला दात न्हाईत म्हणून बरं. न्हाईतर आमचा मालच खाल्ला असता."

बिहीला त्याचं काही वाटायचं नाही. त्याच्या पोटात दुसरीच एक गोष्ट होती, आणि ती गल्लीत कुणाला ठाऊक नव्हती.

बिहीला आई आठवत नव्हती. त्याला पाठीला बांधून वाढवलं ते थोरल्या बहिणीनं, इज्जानं. डोंगरातल्या तिझगी गावात त्यांचं घर. इज्जा अठरा वर्षांची असताना तिचं लग्न गावातल्याच अबेल्लाशी झालं. त्या मुलखात लग्नाच्या दिवशी नवरा सुलतान असतो. पांढरा बुरनूस, टोपीचा लांब झगा, घालतो आणि कमरेला खंजीर लावतो. अबेल्लाचा खंजीर आज्यापासनं आलेला, चांदीच्या म्यानाचा. पण मूठ ढिली. सुलतान मांडवात पाऊल टाकायला गेला की कमरेला खुळखुळ व्हायची, आणि बायका हसून लोळायच्या. शेवटी इज्जाला राहवलं नाही. तिनं पात्याची शेपटी मुठीतनं काढायला लावली, आपल्या चातीवरची मंजिष्ठेच्या रंगात रंगवलेली लाल लोकर तिच्यावर गुंडाळली, आणि वरनं गरम राळ ओतवली. नवरीनं नवऱ्याचा खंजीर बांधून दिला म्हणून गावानं महिनाभर जीभ चालवली. बिही तेव्हा बारा वर्षांचा. निखाऱ्यावर राळेची वाटी त्यानंच धरली होती.

तीन वर्षांनी ते चिठ्ठ्यांचं साल आलं. पाऊस नाही, पीक नाही. सरकारी चिठ्ठीवर धान्य मिळायचं, आणि चिठ्ठीही मिळायची नाही. माणसं मुळं उकरून खात होती. अबेल्ला एका पहाटे खंजीर लावून निघाला. "उत्तरंला खाणीत काम मिळतंय. येतो," म्हणाला. तो आला नाही. महिन्यानं एक खेचरवाला इज्जाच्या दारात सातूचं पोतं टाकून गेला. कुणी दिलं, ते त्यालाही सांगता येईना. दोन हात सोडून तिसऱ्या हातानं आलेलं. इज्जा धरून चालली, तिझनीतच्या चुलत्यानं धाडलं असणार.

त्यानंतर पाच वर्षांनी, बिही वीस वर्षांचा होऊन याईश नावाच्या यहुदी चांदीकाराच्या हाताखाली काम शिकत असताना, दुसराच एक खेचरवाला बाजारोबाजार एक खंजीर दाखवत फिरत होता. उंच खिंडीतलं बर्फ वितळलं तेव्हा त्याला एका माणसाची हाडं सापडली होती. त्यानं ती पुरली, वर दगड रचले, आणि खंजीर काढून घेतला. खंजिरावरनं माणूस ओळखायची रीत होतीच. कुणी "आमचा" म्हणालं तर बायकोला विधवा होता येतं, लेकरांना वारसा मिळतो.

तो तिझगीत आला. इज्जानं बिहीला निरोप धाडून बोलावलं. "तुला आता कळतं. बघ," म्हणाली.

बिहीनं बघितलं. हलक्या धातूचं म्यान, वर चांदीचा नुसता रंग. खात्री करायला त्यानं म्यानाच्या पाठीमागं तोंडापाशी कानशीनं तीन रेघा मारल्या, कोंबडीच्या पायासारख्या. आतनं पिवळट निघालं.

"हे आपलं न्हाई," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "आपलं म्यान चांदीचं. माझा दाजी असला पत्रा कमरेला लावायचा न्हाई."

पातं त्यानं ओढून बघितलं, पण नुसतं वरवर. शिकाऊ पोराला चांदीशिवाय दुसरं काही दिसत नसतं.

त्याच्या त्या एका शब्दावर इज्जा थांबली. दोन वर्षांनी गिरणीवाल्या इद्दरनं मागणी घातली. डोंगरउतारावर तीन पायऱ्यांच्या शेतात बदामाची झाडं, दोन खेचरं, माणूसही शांत. इज्जा म्हणाली, "माझा नवरा जिता हाय. बिहीनं सांगितलंय." इद्दरनं वर्षभर वाट बघितली आणि मग दुसरी केली. इज्जा मात्र दर गुरुवारी वाटेकडच्या खिडकीत एक भाकरी जास्तीची ठेवत राहिली. खाली तिझनीतला बिहीचं नाव होत गेलं. लोक म्हणायचे, उस्ताद कधी चुकत नाही.

आणि मग बदाम उतरून घेतल्यावरच्या दिवसांत, त्या खिंडीतल्या खंजिराला तेहतीस वर्षं झाल्यावर, लाहबीब नावाचा तरणा व्यापारी एक गाठोडं घेऊन कोनाड्याशी आला.

"उस्ताद, मराकेशातनं घाऊक घेतल्यात. आठ नग. ह्यातला एक तेवढा बघा. म्यान भिकार हाय, पण परदेशी गिऱ्हाइकाला पातं आवडलंय. शंभर वर्षांचं म्हणा, म्हणजे झालं."

"मी म्हणून पातं म्हातारं होत न्हाई."

"होतं की. तुमच्या जिभेनं गाढवाचं शेण बी नाव कमावून बसलंय."

बिही हसला. गोफ ओवला, खंजीर कमरेला सोडला आणि झऱ्यापर्यंत चालून आला. नेहमीसारखा आडवा झाला. पेंग आली.

त्याला आधी पांढरं दिसलं. वाटलं, तिझगीचं खळं आहे आणि वारं सुटलंय, सातूचा भुसा उडतोय. पण भुसा पायाला थंड लागत होता. पुढं कुणीतरी चालत होतं, पाठमोरं, बुरनुसाची टोपी ओढून. चालीत कसला आवाज नव्हता. बिही स्वप्नातच विचार करत होता, ह्याची कंबर का वाजत नाही? सुलतानाची कंबर वाजते. तो माणूस एका दगडाशी बसला, आणि हातातली मोकळी पिशवी झटकावी तसे हात झटकले. म्हणाला, "पोचलं का?"

"काय?" बिही म्हणाला, आणि त्याच वेळी त्याचा अंगठा म्यानाच्या पाठीवर अडखळला. तीन रेघा. कोंबडीचा पाय.

तो उठून बसला. भिंतीवरचं ऊन होतं तिथंच होतं. समोरचा चांदीवाला तोंड उघडं टाकून घोरत होता. बिहीनं म्यान उजेडाला धरलं. रेघा काळ्या पडल्या होत्या, कडा झिजल्या होत्या, पण हात त्याचाच होता. तीन रेघा मारताना मधली जरा लांब जायची, ती खोड याईशच्या शिव्या खाऊनही गेली नव्हती.

त्यानं कोनाड्याचा पडदा ओढला. शेगडीतले निखारे फुंकले आणि अक्रोडाची मूठ लांबून शेकली. पोळू दिली नाही, नुसती घाम येईपर्यंत. राळेचा वास आला. बारा वर्षांचा असताना आला होता तोच, बोकडाच्या लोकरीसारखा आणि मधासारखा. पातं चिंधीत धरून त्यानं हळूच ओढलं. शेपटी बाहेर आली, आणि तिच्याभोवती, राळेत जपून ठेवल्यासारखी, लाल लोकर.

बिहीनं पातं निखाऱ्यांच्या उजेडात फिरवून बघितलं. डोक्यात सगळं एकेक करून जागेवर बसत होतं, चांदीचे तुकडे साच्यात बसावेत तसं. वाटेत कुठल्या तरी बाजारात अबेल्लानं चांदीचं म्यान उतरवलं होतं आणि पत्र्याचं घातलं होतं. त्या चांदीचं सातूचं पोतं झालं. पोतं दोन हात सोडून तिसऱ्या हातानं तिझगीला पोचलं. आणि तो पत्रा लावून खिंडीत चढला.

खंजीर कधी एका वयाचा नसतो, हे बिही आता गल्लीतल्या पोरांना रोज शिकवायचा. पातं आज्याचं, मूठ बापाची, म्यान कुठल्या तरी वाईट सालाचं. तिन्ही वेगळी विचारावी लागतात. वीस वर्षांचा असताना त्यानं एकालाच विचारलं होतं.

संध्याकाळी लाहबीब आला. बिहीनं आपल्या स्वतःच्या लग्नातला खंजीर कापडातनं काढून त्याच्यापुढं ठेवला. याईशच्या हातची चांदी, मोरपिसारा कोरलेली मूठ.

"हा घे. तो मला दे."

लाहबीबनं दोन्हीकडं बघितलं. "काका, चांदी देऊन पत्रा घेताय. तुम्हाला कायतरी म्हाईत हाय."

"हाय."

"मग मला सांगा की. मी बी धंदाच करतो."

"मला म्हाईत हाय ते तुला विकता यायचं न्हाई."

लाहबीबनं मान खाजवली. फसवणूक नेमकी कुठं आहे ते त्याला सापडेना, म्हणून त्यानं सौदा केला.

खंजीर मिळाला, पण आठवड्याचे तीन बाजार गेले तरी बिही तिझगीला गेला नाही. आज गुडघा दुखतोय, उद्या ट्रक भरलाय. खरं भ्या होतं. तेहतीस वर्षं ज्या भिंतीला बहीण टेकून बसली ती भिंत त्यानं रचली होती, आणि आता त्यानंच जाऊन काढून घ्यायची. न सांगता मेलो तरी चालेल, असं त्याला झऱ्यावर पाणी पिताना वाटायचं. मग कातड्यावर आडवा झाला की तो पाठमोरा माणूस दगडाशी बसलेला असायचा. "पोचलं का?" चौथ्या बाजाराला बिही ट्रकमध्ये चढला, शेळ्या आणि साखरेच्या ठोकळ्यांच्या मधी.

इज्जा ओसरीत बदाम फोडत बसली होती. साठीला टेकलेली, निळंकाळं लुगडं, हात दगडासारखे.

"आलास का बिह्या? मेलास का जिता हायस, काय कळंना. बस. खाऊ नकोस लगेच, आधी फोड."

बिही बसला. दगड घेतला. पाच-सहा बदाम फोडले. मग कापड सोडून खंजीर तिच्यासमोर ठेवला. पातं वेगळं, मूठ वेगळी, म्यान वेगळं.

"हे काय, मोडकं आणलंस?"

"आक्का, शेपटीवर बघ."

तिनं बघितलं. लोकरीला बोट लावलं. एक टोक सुटलं होतं, ते तिनं दोन बोटांत पिळून बघितलं, बाजारात लोकर घेताना बघतात तसं.

"माझीच कताई हाय," ती म्हणाली. "तवा मी उलटा पीळ द्यायची. सासूच्या शिव्या खायची त्यापायी." मग म्यानाकडं बोट केलं. "आन् हे कुणाचं?"

बिहीनं सांगितलं. खिंड, हाडं, खेचरवाला, त्याच्या स्वतःच्या तीन रेघा. चांदी, सातू. मधी एकदाही थांबला नाही. थांबला असता तर पुढं गेला नसता.

इज्जा बदाम फोडत राहिली. टरफल एकीकडं, गर एकीकडं.

"पोतं मोठं होतं," ती म्हणाली. "उन्हाळाभर पुरलं. तू बी खाल्लंस त्यातलं. पोट फुगेपर्यंत खाल्लंस आन् रात्रभर वकलास." आणखी एक बदाम. "म्हंजी त्याची चांदी आपण खाल्ली. बरं झालं. कुणा सोनाराच्या पेटीत पडली असती त्यापरीस."

"आक्का, मी चुकलो."

"चुकलास." तिनं हात झाडले. "जा, इद्दरची झाडं बघून ये. लई दाट धरले व्हते औंदा. त्याच्या नातवंडांनी उतरिवले."

बिहीला वाटलं, तोंडात मारली असती तर बरं. तो खरंच उठला आणि पायऱ्यांवरची झाडं बघून आला. काय करणार? रिकामी होती, पानं गळत होती.

परत आला तेव्हा इज्जानं पेटी उघडली होती. तिच्यात पांढरं कापड होतं, बायका आपल्या कफनासाठी राखून ठेवतात तसलं. त्यातला अर्धा तुकडा तिनं फाडला होता आणि अंगावर घेतला होता. पांढरा सदरा, पांढरं फडकं, पायात पांढरं. त्या मुलखात नवरा गेलेली बाई चार महिने दहा दिवस पांढऱ्यात बसते. मेंदी नाही, सुरमा नाही, उंबरा ओलांडणं नाही.

गावात गवगवा झाला. मशिदीतले फकीह घरी आले, चहा प्यायले, आणि समजुतीनं म्हणाले, "इज्जामावशी, शास्त्रात मोजणी माणूस मेल्या दिवसापासनं करतात. कळल्या दिवसापासनं न्हाई. तुमचे दिवस कधीच भरले. चाळीस वर्षं होत आली."

"ती तुमची मोजणी, फकीह. बरोबर असंल. माझी आजपासनं हाय."

"पण कशापायी, या वयात?"

"एवढी वर्सं मी त्याची बायको म्हणून बसले. चार म्हैने त्याची विधवा म्हणून बसू द्या. तेवढी बी मी त्याला लागत न्हाई का?"

फकीहांनी ग्लास पालथा घातला आणि उठले. बाहेर पडताना बिहीला म्हणाले, "तुझी बहीण चुकीचं सांगत न्हाई. फक्त पुस्तकात न्हाई." शेजारणी हसल्या, मग कंटाळल्या, मग एकेक करून चहा घेऊन येऊ लागल्या, खऱ्या मयतीला येतात तशा.

बिही दर बाजाराला ट्रकनं वर यायचा. साखरेचा ठोकळा ठेवायचा आणि ओसरीच्या टोकाला बसायचा. थंडीच्या दुपारी ऊन आत यायचं, इज्जा पांढऱ्यात भिंतीला टेकून पेंगायची, बिही समोरच्या भिंतीला. झोपेत तिचे ओठ हलायचे. एकदा ती डोळे मिटूनच म्हणाली, "पोचलं म्हणावं." बिहीनं तिला स्वप्न सांगितलेलं नव्हतं. त्यानं विचारलंही नाही. गुरुवारची जास्तीची भाकरी खिडकीत ठेवणं तिनं पहिल्याच आठवड्यात बंद केलं होतं. आता ती बिहीला खायला लावायची, करपलेली असली तरी.

पोटावर खंजीर ठेवला तरी बिहीला आता कुणी दिसत नव्हतं. गल्लीत खंजीर तपासायला झोपला तर नुसती झोप लागायची, साधी, माश्यांची. अंगठा मात्र पूर्वीसारखाच काम करायचा, म्हणून कुणाला कळलं नाही.

माघाच्या सुमाराला डोंगरउतारावर बदाम फुलले. झाडांनी पांढरं घातलं त्याच आठवड्यात इज्जानं काढलं. ओढ्यावर गेली, कापड धुतलं, काटेरी झुडपावर वाळत टाकलं आणि निळंकाळं लुगडं नेसून आली. हातांना मेंदी लावली. शेजारीण म्हणाली, "आता बघ, कुणी मागणी घालतंय का."

"घालू दे की. इद्दर मेला, न्हाईतर त्याची म्हातारी मला शिव्या घालीत आली असती."

दोन दिवसांनी इद्दरच्या घरचीच सून दाराशी आली. तिच्या धाकट्या दिराचं लग्न ठरलं होतं, आणि सुलतानाच्या कमरेला लावायला घरात खंजीर नव्हता. तो कधीच विकला होता. "मावशी, तुमचा मागायला आले. पत्र्याचा का होईना."

इज्जानं खंजीर खुंटीवरनं काढला. बिहीनं पातं आणि मूठ नुसती जोडून ठेवली होती, राळ ओतली नव्हती, लाल लोकर तिच्याकडं ठेवायला दिली होती. तिनं खंजीर हलवला. खुळखुळ.

"असा न्यायचा म्हणजे मांडव हसंल," ती म्हणाली. "बिह्या, शेगडी पेटव."

लाल लोकर तिनं कनवटीलाच ठेवली. ती परत देण्याची नव्हती. चातीवर जी होती ती निळी होती, तीच तिनं तोडली आणि पात्याच्या शेपटीवर गुंडाळायला लागली. आता तिचा पीळ सरळ होता. बिहीनं निखाऱ्यावर राळेची वाटी धरली. राळ सांडेल म्हणून तो वाटीवरनं नजर काढत नव्हता.

"घट गुंडाळतीयास," तो म्हणाला.

"व्हय. फुडं कवा कुणी उघडून बघितलं, तर त्याला नीट सांगता यावं, कुणी बांधलं आन् कवा." तिनं शेवटची गाठ दातानं ओढली. "नुसतं म्यान बघून जाऊ ने म्हणावं. ओत."

बिहीनं राळ ओतली.